कानाने रांधलेला हॅश

सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये बिघडलेला एसी आला, की बाकीचे मेकॅनिक पेचकस शोधायला लागतात आणि महादेव तांडेल डोळे मिटतो. मशीन चालू करायला सांगतो, मान कलती करून उजवा कान पुढे धरतो आणि दहा-बारा सेकंद नुसता ऐकतो. मग सांगतो, "पंख्याचं बेअरिंग गेलंय." किंवा, "कंप्रेसर धडधाकट आहे, उगाच रडतोय. गॅस भरा." उघडून पाहिलं की शंभरात पंचाण्णव वेळा तेच निघतं. उरलेल्या पाच वेळा मशीन खोटं बोलत होतं, असं त्याचं म्हणणं असतं.

महादेव देवगडजवळच्या एका वाडीतला. वय बावन्न, अंगाने काटक, बोलणं मोजकं आणि मिशी शरीराच्या मानाने जरा जास्तच. बहारीनमध्ये येऊन त्याला बावीस वर्षं झाली. त्यातली शेवटची चौदा त्याने बुसैतीनमधल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मुख्तारबरोबर काढली आहेत. मुख्तार दापोलीकडचा, हर्णैचा. शाळेची बस चालवतो. भरदार देह, गडगडाटी हसू, आणि बोलायला लागला की मध्ये स्टॉप नाही. रांधण्याच्या बाबतीत मात्र त्याची मजल पाणी उकळण्यापर्यंत, तीही विजेच्या किटलीत.

तरीही हर्णैच्या त्याच्या मोहल्ल्यात मुख्तारची ख्याती होती ती आचारी म्हणून. ती कशी झाली, हे आधी सांगायला हवं.

चौदा वर्षांपूर्वी, एकत्र राहायला लागून महिना झाला नव्हता, तेव्हा मुख्तार बसच्या पायरीवरून घसरला आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दुखण्यापेक्षा त्याला शुक्रवारचं दुःख जास्त होतं. दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी तो ओळखीच्या एका कॅफेटेरियात जाऊन कॉर्न्ड बीफ हॅश खायचा: उकडलेला बटाटा, कांदा, मिरची आणि डब्यातलं खारवलेलं गोमांस, सगळं तव्यात दाबून खरपूस भाजलेलं, वर अंडं. त्याच आठवड्यात तो कॅफेटेरिया बंद पडला. मुख्तार गळ्यात हात अडकवून खिडकीशी बसला आणि असे उसासे टाकू लागला, की महादेवला ते ऐकवेनात.

"काय रे, त्या बटाट्यासाठी रडतोस?"

"नुसता बटाटा नाही रे तो."

"कसा करतात सांग. मी करतो. फक्त डबा तू उघडायचा, डाव्या हातानं का होईना. नि मी खाणार नाही."

महादेव मासे खातो, सोमवार सोडून कोंबडी खातो, पण गाईचं मांस त्याच्या घरात कधी कोणी खाल्लं नाही आणि तोही खात नाही. मात्र दुसऱ्याला करून घालायला त्याची हरकत नव्हती. "तव्याशी माझं भांडण नाही," तो म्हणायचा. त्याने त्यासाठी एक वेगळा तवा आणला, त्याच्या मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळली आणि शुक्रवारचा क्रम लावून टाकला: आधी हॅश, मग आंघोळ, मग देवापुढे दिवा. त्या मांसाचं नाव तो घेत नसे. "तुझं ते" एवढंच म्हणायचा. "तुझं ते आणलंस का?" "तुझं ते संपलं."

पण न चाखता रांधायचं कसं? महादेवने ते एसीसारखंच केलं. तव्यात सगळं दाबून बसवलं की तो डोळे मिटून कान लावायचा. आधी ओला, भरभर आवाज. मग जरा संथ. मग एक बारीक, कोरडी चरचर सुरू होते, आणि तिच्यानंतर मनात पंचवीस मोजले की उलटायचं. खालची बाजू तांबूस, खरपूस, एकसंध निघायची. बुसैतीनवरून विमानं जातात, त्यांचा आवाज आला की महादेव गॅस बारीक करून विमान जाईपर्यंत थांबायचा.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. शुक्रवार तसाच चालू राहिला.

आता ख्यातीचं. प्लास्टर निघाल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी मुख्तारच्या बायकोचा, अकीलाचा, व्हिडिओ कॉल आला. पुढ्यातली बशी बघून तिने विचारलं, "अगबाई, हे कोणी केलं?" आणि मुख्तारच्या तोंडून निघून गेलं, "मी." का निघालं, ते त्यालाही कधी सांगता आलं नाही. पण अकीला एवढी खूश झाली, की शब्द मागे घ्यायला जागाच उरली नाही. तिने ते जावेला सांगितलं, जावेने मोहल्ल्याला. तेव्हापासून हर्णैत नवऱ्यांना मुख्तारच्या मापाने मोजायला लागले. "मुख्तारभाई बघा, तिकडे दिवसभर बस चालवून हातानं रांधतात." सुट्टीत मुख्तार गावी गेला की तिथले पुरुष त्याच्याशी फार बोलत नसत.

महादेवला हे सगळं ठाऊक होतं. "माझं काय जातंय," असं तो म्हणायचा. पण जात होतं. फोनवर मुख्तार आपल्या हाताची तारीफ ऐकत बसला, की महादेव उगाचच भांडी जोरात घासायचा.

आणि यंदा अकीला महिनाभराच्या व्हिजिट व्हिसावर बहारीनला यायची ठरली.

बातमी कळल्यावर मुख्तार सरळ बस घेऊन सलमाबादला आला. बस रिकामी होती, तो भरलेला होता.

"मेलो रे महादेव. म्हणते, पहिल्याच शुक्रवारी तुमच्या हातचा हॅश खाणार. समोर उभं राहून बघणार."

"मग सांग तिला खरं."

"चौदा वर्षांनी? ती शिवणाचा क्लास चालवते. उसवलेला एक टाका दिसला तर अख्खा झगा उसवते. हे खोटं निघालं तर माझी बाकीची सगळी खरी बोलणी पण उसवून बघेल. माझ्या शब्दाला घरात किंमत राहणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू शिकव. नि तिच्यासमोर एक शब्द बोलू नकोस. वचन दे."

महादेवने दिलं. 

शिकवणी तिथेच सुरू झाली. एका मोडक्या एसीवर तवा ठेवला आणि बटाटा म्हणून एक घडी घातलेलं फडकं.

"हे फडकं नाही, हॅश आहे. दाब. आता उलथणं खालून घाल. मनगट फिरव. एका दमात!"

पहिल्यांदा हॅश महादेवच्या खांद्यावर पडला. दुसऱ्यांदा पंख्यांच्या ढिगात. तिसऱ्यांदा शेजारी काम करणाऱ्या नावेदच्या डोक्यावर.

"उस्ताद, ये क्या बन रहा है?" नावेदने डोक्यावरून फडकं काढत विचारलं.

"नाश्ता," महादेव म्हणाला.

साहित्य मुख्तारने पाठ केलं. "चार बटाटे, दोन कांदे, तीन मिरच्या, मिरपूड, मीठ…"

"मीठ दीड चमचा. बटाट्यावर."

मुख्तार जरा घुटमळला. "दीड?"

"चौदा वर्षं दीडच घालतोय."

"हो, हो. दीड," मुख्तार म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

प्रश्न राहिला तो आवाजाचा. कोरडी चरचर कुठली नि ओली कुठली, हे मुख्तारला जन्मात कळलं नसतं. त्याला बसचा हॉर्न सोडून कुठलाच आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. शेवटी महादेवनेच तोड काढली. त्याची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये घरमालकाने घातलेली प्लायवूडची भिंत होती, तिच्यातून सगळं ऐकू येई. महादेव खोलीत बसून ऐकणार आणि खोकून सांगणार. एकदा खोकला म्हणजे कांदा टाक. दोनदा म्हणजे बटाटा. तीनदा म्हणजे तुझं ते. चारदा, दाबून बसव. पाचदा, उलट.

"पाच वेळा खोकलास तर तिला क्षय वाटेल," मुख्तार म्हणाला.

"मग तू शिंकण्यावर शिकतोस का?"

"नको. खोकच."

अकीला बुधवारी उतरली. लहान चणीची, चपळ, चष्म्याची बाई. आल्या आल्या तिने घर एकदा नजरेखालून घातलं, पडद्याची दुमड उलटी शिवली आहे हे सांगितलं आणि महादेवपुढे सुपारीएवढ्या नानकटायांचा डबा ठेवला. महादेव महिनाभर वर्कशॉपवरच्या खोलीत झोपायला निघाला होता. तिने त्याची पिशवी हातातून काढून घेतली.

"महादेवभाऊ, मी पाहुणी, तुम्ही घरचे. घरच्यांनी बाहेर जायचं आणि पाहुणीनं आत राहायचं, हे आमच्यात बसत नाही."

एवढ्या सरळ बाईला आपण फसवणार, या विचाराने महादेवला दोन दिवस नानकटाई गोड लागली नाही.

शुक्रवार उजाडला. बटाटे आणि कांदे महादेवने रात्रीच सोलून, चिरून ठेवले होते. बाहेर धुळीचं वारं सुटलं होतं, म्हणून खिडक्या बंद होत्या आणि घर अगदी शांत. महादेवच्या दृष्टीने ऐकायला उत्तम दिवस. तो खोलीत प्लायवूडला पाठ लावून खुर्चीवर बसला. पलीकडे मुख्तारने बाह्या सारल्या आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं, "तर अकीला, आधी तेल तापवायचं असतं."

"ते मलाही माहीत आहे हो," अकीलाचा आवाज आला.

तेल तापल्याचा आवाज झाला. महादेव एकदा खोकला. चर्र! कांदा पडला. सुरुवात झकास झाली. कांदा मऊ पडल्यावर महादेव दोनदा खोकला. बटाटा पडला, पाठोपाठ मीठही पडलं असणार. मग डब्याची चावी फिरवल्याची करकर आली. तीनदा खोकला. तुझं ते पडलं.

"भाऊंना खोकला झालाय वाटतं," अकीला म्हणाली.

"धूळ," मुख्तार म्हणाला. "दर वर्षी होतो."

"वाढत चाललाय. आधी एक, मग दोन, आता तीन."

मुख्तारने उलथणं तव्यावर उगाच आपटलं. महादेव पलीकडे कपाळ धरून बसला. पण दाबून बसवायची वेळ तर झाली होती. तो तोंडावर हात धरून, शक्य तितका नाजूक, चारदा खोकला.

"चार!" अकीला म्हणाली. "थांबा, मी गवती चहा आणलाय गावाहून."

शेजारच्या शेगडीवर पातेलं चढलं. त्यामुळे महादेवच्या कानात दोन आवाज मिसळले: हॅशचा आणि काढ्याचा. त्याने डोळे घट्ट मिटले. डावीकडचा बुडबुडा काढ्याचा, उजवीकडची भरभर हॅशची. अजून ओली आहे. अजून ओली. आता संथ होतेय…

दार उघडलं. अकीला एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात वाफेचं पातेलं घेऊन उभी.

"भाऊ, आधी हा काढा प्या. आलं, मिरी, गवती चहा."

"भाभी, मला काही झालेलं नाही…"

"सगळे पुरुष हेच सांगतात. प्या."

काढा एवढा कढत आणि तिखट होता, की महादेवला खरोखरचा ठसका लागला. तो एकदा खोकला. पलीकडे मुख्तारने गोंधळून आणखी एक कांदा तव्यात टाकल्याचा आवाज आला.

"बघा!" अकीला म्हणाली. "छातीत आहे. आता वाफ घ्या." आणि काही कळायच्या आत महादेवचं डोकं टॉवेलखाली पातेल्यावर होतं, आणि ती शेजारी स्टुलावर बसली होती, शिवणाच्या क्लासात बसावी तशी, लक्ष ठेवून.

टॉवेलखाली अंधार होता, घाम होता, गवती चहाचा वास होता. आणि प्लायवूडपलीकडून स्पष्ट, निर्मळ आवाज येत होता. चरचर कोरडी झाली. महादेव मोजू लागला. एक, दोन, तीन. पंचवीसला पाच वेळा खोकायचं. पण खोकलं की काढा. दहा, अकरा. पाच वेळा खोकलं तर ही बाई रुग्णवाहिका बोलावील. अठरा, एकोणीस. न खोकावं तर मुख्तार उलटणार नाही. तो हुकमाचा ताबेदार, हातात उलथणं घेऊन प्लायवूडकडे बघत उभा असणार. पंचवीस. तीस. पस्तीस.

चरचरीत एक खरखर मिसळली. ही खरखर महादेवने चौदा वर्षांत एकदाही होऊ दिली नव्हती. ती बटाटा लागायला लागल्याची होती.

त्याने वचन आठवलं. ओठ आवळले. टॉवेलच्या आत मुठी वळल्या. पंचेचाळीस. मुख्तारचा शब्द, मुख्तारचं घर, हर्णैचा मोहल्ला. पन्नास. खरखर वाढली, आणि तिच्यामागून, टॉवेलच्या फटीतून, करपल्याचा पहिला वास आला.

महादेव टॉवेलसकट उभा राहिला.

"उलट! मुख्तार, उलट रे मेल्या! लागलाऽऽ!"

पलीकडून उलथण्याचा खणखणाट झाला, मुख्तारची किंकाळी आली आणि काहीतरी जड, मऊ वस्तू जमिनीवर पडली.

अकीला स्टुलावरून उठली. टॉवेलखालून घामाने निथळणारी मिशी बाहेर आली. 

"भाऊ," ती सावकाश म्हणाली, "तुम्हाला भिंतीतून दिसतं का?"

महादेवला खोटं बोलता येत नाही. 

"ऐकू येतं," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात मुख्तार अर्धा हॅश तव्यात आणि अर्धा पायांशी घेऊन उभा होता. अकीलाने तव्याची निळी चिकटपट्टी पाहिली, नवऱ्याच्या हातातलं उलटं धरलेलं उलथणं पाहिलं, आणि टॉवेल गळ्यात घालून धावत येऊन, कोणी सांगायच्या आत गॅस बंद करणारा महादेव पाहिला. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही.

"चौदा वर्षं?" तिने विचारलं.

"डबा मीच उघडायचो," मुख्तार म्हणाला.

"आणि बटाटे?"

"बटाटे… आणायचो."

महादेवला वाटलं, आता घर पडणार. पण अकीलाने शांतपणे बशी घेतली, तव्यातला न पडलेला, कमी करपलेला तुकडा वाढून घेतला, खुर्ची ओढली आणि बसली. "एवढं रामायण झालं त्याचं, तर खाऊन तरी बघते."

खरं सांगायचं तर त्या क्षणी महादेव मुख्तारची काळजी विसरला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याचा हॅश त्याचा म्हणून खात होतं. तो टॉवेलचं टोक चोळत उभा राहिला.

अकीलाने एक घास चावला. थांबली. चष्मा काढला. पाण्याचा पेला ओढून सगळा प्याली.

"खारट आहे."

"करपल्यामुळे असेल," महादेव म्हणाला.

"करपल्यानं कडू होतं, भाऊ. हे खारट आहे. समुद्र आहे समुद्र. मीठ किती घातलं?"

"दीड चमचा," मुख्तार पुटपुटला. "हा सांगतो तेवढंच."

अकीलाने रिकामा डबा उचलून फिरवला. "अहो, पण हे खारवलेलंच असतं. वर मीठ कशाला?"

"डब्यात… आधीच मीठ असतं?" महादेवने विचारलं.

 मुख्तार छताच्या पंख्याकडे बघत होता, जणू त्याचं बेअरिंग गेलं होतं.

"मुख्तार, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या शुक्रवारपासून." मुख्तारने उलथणं ठेवलं. "अरे, हात प्लास्टरमध्ये, नि तू स्वतः खात नाहीस ते मला करून, चमच्याने भरवतोयस. त्याला नाव कुठल्या तोंडाने ठेवू? म्हटलं, पुढच्या शुक्रवारी सांगू. पुढच्या शुक्रवारी तू विचारलंस, 'कसं झालंय?' नि असा बघत होतास… म्हटलं, त्याच्या पुढच्या. मग वर्ष झालं. वर्षानंतर कसं सांगायचं, की वर्षभर खारट होतं?"

"म्हणून खाल्ल्यावर तीन-तीन पेले लबान प्यायचास?"

"मग काय करू? जीभ आत यायची नाही."

महादेव खुर्चीवर बसला. तीन पेले ताकाला तो इतकी वर्षं तृप्ती समजत होता. एसीचं मशीन खोटं बोलतं हे त्याला मान्य होतं, पण एक अख्खा माणूस शुक्रवारमागून शुक्रवार, तोंडभरून? आणि दुःखाच्या पोटात दुसरं एक दुःख होतं: बेअरिंग ऐकू येतं, गॅस ऐकू येतो, बटाट्याची खरपुडी ऐकू येते, पण मीठ काही आवाज करत नाही.

"म्हणजे," अकीला हिशेबाने बोटं मोजत म्हणाली, "मला सांगितलं, मी रांधतो. ते खोटं. यांना सांगितलं, छान झालंय. तेही खोटं. अहो, तुम्ही सकाळी नाश्त्याला बसलात की बशीच्या दोन्ही बाजूंना दोन खोटी वाढूनच बसत होता की!"

मुख्तारची मान खाली. एवढा मोठा माणूस अगदी शाळेच्या बसमधल्या मागच्या बाकावरच्या पोरासारखा दिसायला लागला. आणि अकीलाला हसू फुटलं. आधी चष्म्यामागे, मग पदरामागे, मग कुठेच मावेना. ती हसताना बघून महादेवच्या मिशीचं एक टोक हललं. मुख्तार मात्र हसायला घाबरत होता.

"हसू नका तुम्ही," ती म्हणाली. "तुमचं खोटं मी चौदा वर्षं मोहल्लाभर वाटलंय. ते आता माझंसुद्धा झालंय. मोडलं तर तुमच्याबरोबर माझंही तोंड काळं. तेव्हा एकच उपाय. ते खरं करायचं. दुसरा डबा आहे?"

"आहे."

"बटाटे सोला. भाऊ, तुम्ही खुर्चीवरून हलायचं नाही. नुसतं सांगायचं. तोंडानं सांगा, खोकू नका."

मुख्तारने त्या दिवशी आयुष्यातला पहिला बटाटा सोलला. सालाबरोबर अर्धा बटाटा गेला, म्हणून चाराच्या जागी सात उकडावे लागले. कांदा चिरताना तो एवढा रडला, की अकीलाने त्यालाही वाफ घ्यायची का विचारलं. महादेव खुर्चीवर बसून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, सूचना देत होता. "बारीक कर गॅस. तू नको बारीक होऊस, गॅस! दाब. अजून दाब, तो चावत नाही. आता हात काढ. ढवळू नकोस. ढवळू नकोस म्हटलं ना!" मध्ये एक विमान गेलं. तिघंही मुकाट थांबले. मग चरचर कोरडी झाली, महादेवने मोठ्याने पंचवीस मोजले, मुख्तारने मनगट फिरवलं, आणि हॅश एकसंध, तांबूस, तव्यातच पडला. मुख्तारची करंगळी तेवढी पोळली.

मीठ घातलं नव्हतं.

अकीलाने चाखला. "हा खरा," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला, यातच सगळं आलं.

महादेव मुख्तारकडे वळला. "आता तू. नि खरं बोल, नाहीतर तवा नेऊन समुद्रात टाकतो."

मुख्तारने खाल्लं. चावलं. पुन्हा चावलं. त्याचा चेहरा पडला. त्याने बायकोकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं, आणि मोठ्या धीराने म्हणाला, "अळणी लागतंय."

"काय?"

"चौदा वर्षांची सवय रे. माझी जीभच तशी झालीय. तुझाच बरा होता."

महादेव त्याच्याकडे बघत राहिला, आणि त्याला असं काही बरं वाटलं, की त्याने ते लपवायला चेहरा टॉवेलमध्ये खुपसला.

तेवढ्यात अकीलाने फोन काढला. "जावेला दाखवायचं कबूल केलंय मी. ती वाटच बघत असेल." फोन वाजू लागला. तिने तो हाताने झाकून महादेवला विचारलं, "भाऊ, खरं काय ते तुमच्या हातात. सांगा, कोणाचं नाव सांगू? तुमचं सांगायचं तर तुमचं. मी यांना सांभाळून घेईन."

मुख्तार पोळलेली करंगळी तोंडात घालून नुसता उभा राहिला. अंगावरच्या सदऱ्यावर तेलाचे सहा डाग, केसांत कांद्याचं साल.

हर्णैत फोन उचलला गेला. चौदा वर्षं जिची वाट बघितली ती संधी अशी दोन हातांवर आली होती. महादेवने तव्याकडे पाहिलं. आजचा हॅश काही त्याने उलटला नव्हता.

"त्याचंच सांगा," तो म्हणाला. "आज त्यानंच केलाय."

अकीलाने फोन वळवला. पडद्यावर जाऊ, तिच्या मागे दोन शेजारणी. "अगबाई, काय खरपूस झालंय! भावजी, एवढं अख्खं कसं उलटता हो?"

मुख्तारने करंगळी तोंडातून काढली. छाती फुगली. "काही नाही, वहिनी," तो गडगडला, "मनगट लागतं. चौदा वर्षांची मेहनत आहे. आता माझ्या पार्टनरला शिकवायचा प्रयत्न करतो, पण सगळ्यांना जमत नाही."

खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. अकीलाने मोकळ्या हाताने महादेवला परत खाली बसवलं.

"भावजी, मग ईदला आलात की आम्हाला करून घाला. इथे तो डबा कुठला मिळायला, कोंबडीचा करा."

"अहो, तुम्हालाच का? सगळ्या मोहल्ल्याला घालतो! साठ माणसं असली तरी चालतील. इंशाल्ला!"

फोन बंद झाला.  साठ हा आकडा मुख्तारच्या स्वतःच्या कानांपर्यंत आत्ता पोचत होता. तो हळूहळू महादेवकडे वळला आणि त्याच्या बशीत दोन नानकटाया ठेवल्या.

महादेवने एक उचलली, चहात बुडवली आणि अकीलाला विचारलं, "भाभी, देवगडहून हर्णैला जायला थेट एसटी आहे, की दापोलीला बदलायला लागते?"